न विचारता घेतलेला तंबोरा

आमच्या भिशीत आम्ही बाराजणी. महिन्याला अडीच हजार काढायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिनं तीस हजार घेऊन घरी जायचं आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांना साबुदाणावडे खायला घालायचे, हा आमचा साधा नियम. त्या महिन्यात चिठ्ठी माझी निघाली. पैसे मोजून पर्समध्ये ठेवायच्या आधीच सल्ले सुरू झाले.

'सोनं घेऊन ठेव, सोन्यासारखं काही नाही.'

'तीस हजारात सोनं? आता तेवढ्यात नाकातली चमकी आली तरी पुष्कळ!'

'त्यापेक्षा ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घे बाई. हातानं पिळून पिळून मनगटं गेली तुझी.'

हा शेवटचा सल्ला मला अगदी पटला, कारण तो माझ्या मनात आधीपासूनच होता. आठवड्यातून चार दिवस मी बचत गटांच्या कामासाठी बाहेर असते. आज बेडग, उद्या मालगाव. संध्याकाळी घरी यावं तर बादलीभर कपडे वाट बघत असतात. प्रश्न होता जागेचा. मागच्या खोलीतल्या ज्या कोपऱ्यात नळ जवळ आहे, तिथं आमच्या सासूबाईंचं जुनं पायमशीन उभं आहे. शिवणाचं. पट्टा सैल झालाय, चाक करकरतं, वर्षातून दोनदा उशांचे अभ्रे शिवण्यापलीकडे कुणी त्याला हात लावत नाही. मी भंगारवाल्याला विचारूनही ठेवलं होतं. तो सहाशे म्हणाला.

सासूबाई तेव्हा मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, 'आई, ते पायमशीन काढून टाकू या का? सहाशे देतो म्हणतोय.'

'बघ बाई तुझं,' एवढं म्हणून त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

आमच्या घरात या 'बघ बाई तुझं'चे किमान दहा अर्थ होतात. मी मला सोयीचा तेवढा घेतला.

त्याच रात्री लेकीचा फोन आला. ती पुण्याला शिकते, दोघी मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. लहानपणापासून गाणं शिकली. पुण्याला जाताना इथला क्लास सुटला, तरी तिकडे तिनं क्लास लावला होता. फोनवर बोलता बोलता मागून तंबोऱ्याचा आवाज येत होता. 'हे काय गं?' म्हटलं, तर म्हणाली, 'मोबाईलवरचा आहे. पट्टी ठरवायची, बटण दाबायचं, झालं.'

फोन मी स्पीकरवर टाकला होता. सासूबाई पलीकडून म्हणाल्या, 'हा तंबोरा दमत कसा नाही गं? सारखा एकसारखाच वाजतोय.' आम्ही दोघी हसलो.

पण त्या रात्री माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आपण राहतो मिरजेत. जगभरचे गवई तंबोऱ्यासाठी ज्या गावात येतात, त्या गावातल्या मुलीनं मोबाईलचं बटण दाबून गावं? माझ्या लग्नाआधी मलाही गाण्याची हौस होती, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला घरात मोठ्या भावाचं लग्न निघालं आणि माझा क्लास बंद झाला, तो झालाच. लेकीचं तसं व्हायला नको. तिच्या वाढदिवसाला तीन आठवडे होते. सकाळी चहा घेता घेता मी ह्यांना सांगून टाकलं, 'वॉशिंग मशीन नको. तंबोरा घेते.'

ह्यांनी पेपर खाली घेतला. 'ती मागतीय का?'

'मागत नाहीये म्हणूनच द्यायचा. सरप्राइज!'

सासूबाईंना म्हटलं, 'आई, चला की बरोबर दुकानात.' त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. मी चप्पल घालत होते तेव्हा मात्र आतून त्यांचा आवाज आला, 'खुंट्या फिरवून बघ. घसरत असतील तर घेऊ नको. आणि वाजवताना कान भोपळ्याला लावून बघ.'

मी 'हो हो' म्हणत बाहेर पडले. हे त्यांना कसं ठाऊक, असा प्रश्नसुद्धा माझ्या मनात आला नाही. आता आठवलं की माझंच मला नवल वाटतं.

मिरजेतली सतारमेकर गल्ली बाहेरच्या माणसांना माहीत असते आणि आम्ही तिथून भाजीची पिशवी घेऊन जात असतो. इतक्या वर्षांत मी तिथल्या एकाही दुकानाची पायरी चढले नव्हते. त्या दिवशी चढले. आत लाकडाचा, लाखेचा वास. छताला उलटे टांगलेले भोपळे. कोपऱ्यात एक तरुण मुलगा दांडी घासत बसलेला. चष्मा कपाळावर सरकवलेले चाचा म्हणाले, 'बसा की ताई. कुणासाठी पाहिजे? लेडीज का जेंट्स?'

म्हणजे तंबोऱ्यातही लेडीज-जेंट्स असतं! बायकांची पट्टी उंच, म्हणून त्यांचा तंबोरा आकारानं जरा लहान. पुरुषांचा मोठा, खर्जाचा. चाचांनी एकेक गोष्ट इतक्या मायेनं सांगितली की मी तासभर तिथंच बसले. हा भोपळा खायचा नव्हे, कडू जातीचा. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला तो मुद्दाम पिकवतात. मोठा होईपर्यंत वेलावर सांभाळायचा, मग चांगला वाळवायचा, कापून आतला गर काढायचा. वर तबली बसते, तिच्यापासून दांडी निघते. तुणीचं लाकूड लागतं. चार तारा, चार खुंट्या, स्वर बारीक मिळवायला खाली मणी. 'पण ताई, हे सगळं झालं तरी तंबोरा मुका असतो. त्याला बोलता करते ती जवारी.'

तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा वरचा भाग घासून घासून अगदी किंचित उतरता करायचा. तार त्याला नुसती चाटून गेली पाहिजे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा सुती दोरा सरकवायचा. तो नेमक्या जागी आला की आवाज असा उघडतो की चार तारांतून चाळीस सूर निघाल्यासारखं वाटतं. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की आवाज बसला. 'हे मशीननं होत नाही. कानानंच करावं लागतं,' चाचा म्हणाले.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिरजेत फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं. घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्यं दुरुस्तीला यायची. धार लावणारे हात तारांकडे वळले. त्यांचेच वंशज आणि शिष्य आजही ही गल्ली चालवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांनी ते अभिमानानं सांगितलं आणि लगेच म्हणाले, 'कागद आला, चांगलं झालं. आता पोरं टिकली पाहिजेत कामावर.' दांडी घासणारा मुलगा मान खाली घालून हसला.

मी खुंट्या फिरवून बघितल्या. भोपळ्याला कान लावला. खोळीसकट साडेसव्वीस हजारांत तंबोरा माझा झाला.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मी मिरज स्टेशनवर कोयना एक्सप्रेसची वाट बघत उभी. एका खांद्याला पर्स, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा आणि छातीशी लाल खोळीतला तंबोरा. मैत्रिणींनो, तुम्ही कधी तंबोरा घेऊन रेल्वेनं प्रवास केलाय? तान्हं मूल घेऊन जाणं त्यापेक्षा सोपं! मूल निदान रडून सांगतं. भोपळा बिचारा एका धक्क्यात फुटेल आणि आवाजही करणार नाही. आडवा ठेवावा तर कुणी वर बॅग टाकेल, उभा धरावा तर वर पंख्याला लागेल अशी भीती.

पण माणसं चांगली. एका बाईनं आपणहून खिडकीची जागा दिली. तिकीट तपासनिसानं माझं तिकीट बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, 'आणि ह्यांचं?' अख्खा डबा हसला. लोणंदला एक म्हातारे आजोबा चढले, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. खोळीकडे बघून म्हणाले, 'वीणा का माय?' मी म्हटलं, 'नाही बाबा, तंबोरा.' 'तेच गं ते,' म्हणत त्यांनी खोळीला हात लावून तो कपाळाला टेकवला. वारीत वीणेकऱ्याला जो मान असतो, तो त्या दिवशी माझ्या खरेदीला मिळाला. मला उगाचच भरून आलं. जेजुरी मागे पडली तेव्हा मी मनातल्या मनात लेकीचा चेहरा बघत होते. दार उघडेल, किंचाळेल, गळ्यात पडेल...

तिनं दार उघडलं. किंचाळली. गळ्यात पडली. मग खोळीकडे बघून गप्प झाली.

'आई, हे ठेवू कुठे?'

मी खोलीत नजर फिरवली. तीन पलंग, तीन टेबलं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एकीच्या पलंगाखाली दुसरीची बॅग. पाऊल टाकायला जागा नव्हती. आम्ही तंबोरा तिच्या पलंगावर झोपवला आणि दोघी जमिनीवर बसलो. लाडू खाल्ले. तिच्या मैत्रिणी कौतुक करून बाहेर गेल्या, तसं ती हळूच म्हणाली, 'आई, तू रागावू नको. मी दोन महिने क्लासला गेलेच नाही. प्रोजेक्ट, परीक्षा, येऊन-जाऊन दोन तास जातात. मला गाणं आवडतं गं. पण आत्ता नाही जमत. मी सांगणारच होते.'

'त्या दिवशी फोनवर तंबोरा लावलेला होतास की!'

'झोप येत नाही तेव्हा लावते. ऐकत पडते नुसती.'

खरं सांगते, मला राग आला. मग वाईट वाटलं. मग ह्यांचा प्रश्न आठवला, 'ती मागतीय का?' आणि कान तापले. साडेसव्वीस हजारांची वस्तू घेताना मी खुंट्या तपासल्या, भोपळा तपासला. पोरीला मात्र एक शब्द विचारला नाही. तिच्या नावावर मी माझीच राहिलेली हौस घेतली होती.

ती म्हणाली, 'घरीच ठेव ना. मी सुट्टीला आले की वाजवीन.' दुसऱ्या दिवशी मी आणि तंबोरा परतीच्या गाडीत. या वेळी मात्र मला कुणाचं लक्ष जायला नको होतं!

घरी आले. चेहरा पाडूनच आत गेले. मागच्या खोलीत पायमशीन भिंतीला सरकवलेलं, त्याच्या शेजारी कोपरा स्वच्छ झाडलेला, खाली घडी करून सतरंजी घातलेली. भिंतीला एक खुंटी, तिला आधाराला जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधलेली.

'इथं ठेव. ओल नाही या भिंतीला,' सासूबाई म्हणाल्या.

'तुम्हाला कसं कळलं परत येणार ते?'

'तिघींच्या खोलीत तंबोरा राहतो होय गं!' असं म्हणून त्या चहा टाकायला गेल्या.

पंधरा-वीस दिवस तो तसाच उभा होता. मी रोज पुसायची, पण वाजवायची नाही. बघितला की मनात खुपायचं. एके दुपारी सासूबाईंनी खोळ काढून एक बोट तारांवरून फिरवलं आणि म्हणाल्या, 'आवाज बसलाय. जवारी बघायला पाहिजे. चल, रिक्षा बोलाव.'

'आणि गुडघे?'

'गुडघ्यानं वाजवायचाय होय?'

सतारमेकर गल्लीत आम्ही दोघी गेलो. चाचा दुसऱ्या गिऱ्हाइकात होते, म्हणाले, 'बसा माँजी, दोन मिनिटं.' सासूबाई पाट्यावर बसल्या. बसल्या त्या कशा, हे मला सांगायचंय. एरवी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसणाऱ्या माझ्या सासूबाई, वय वर्षं सत्याहत्तर, एक गुडघा उभा करून बसल्या. तंबोरा उचलून त्यांनी मांडीशी घेतला, दांडी खांद्याला लावली, डोळे मिटले आणि खुंटी पिळली. थोडी पुढं, थोडी मागं. खाली मणी सरकवला. मग घोडीवरचा दोरा नखानं अगदी जरासा ओढला. आणि तो आवाज उघडला! दुकानातल्या दांडी घासणाऱ्या मुलाचा हात थांबला. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

'माँजी, कुणाकडे शिकलात?'

'वडलांकडं,' त्या म्हणाल्या.

माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं व्हायला आली. आरतीचा सूर त्यांचा कधी चुकत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्या दुकानात, चाचांच्या कटिंग चहावर, मला बाकीचं कळलं.

त्यांचे वडील पंढरपूरजवळच्या खेड्यात शाळामास्तर. कीर्तनही करायचे. मुलीला त्यांनी दहाव्या वर्षापासून गाणं शिकवलं. रेडिओवर हिराबाई बडोदेकर लागल्या की हातातलं काम टाकून बापलेक ऐकायचे. हिराबाईंचा जन्म मिरजेचा, १९०५ चा. चांगल्या घरच्या बाईनं तिकीट लावून मैफलीत गाणं म्हणजे पाप, असं समजायच्या काळात त्या रंगमंचावर बसून गायल्या. मास्तरांना वाटायचं, आपली पोर निदान घरात तरी गाईल. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा ते मिरजेला येऊन तंबोरा घेऊन गेले. 'भोपळा आमच्या बाजूचा, हात मिरजेचा,' सासूबाई म्हणाल्या. बार्शी लाईटची ती नॅरोगेज गाडी, १९२७ पासून मिरजेपर्यंत येत होती. त्या छोट्या गाडीत मास्तर तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. मला माझा कोयनेतला प्रवास आठवला आणि हसू आलं.

१९६७ साली लग्न होऊन त्या मिरजेला आल्या, त्याच छोट्या गाडीनं. बरोबर दोन ट्रंका आणि तो तंबोरा. (ती वाट आता ब्रॉडगेज झाली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती याच वाटेनं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही टीव्हीवर बघत होतो आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, 'ही माझ्या माहेरची लाईन.' तेव्हाही मी पुढं काही विचारलं नव्हतं.)

सुरुवातीला दुपारी सगळे झोपले की त्या वाजवायच्या. मग वन्सं झाल्या, मग हे. १९७२ चा दुष्काळ आला, महागाई आली. १९७४ मध्ये मामंजींची नोकरी सुटली. दोन लहान मुलं, घरात म्हातारे सासू-सासरे. सासूबाईंना शिवण येत होतं. पायमशीन असतं तर पोलकी, परकर शिवून चार पैसे आले असते. याच गल्लीत त्यांनी तंबोरा विकला. दीडशे रुपये आले. तेवढे आगाऊ भरून, बाकीचे हप्त्यानं फेडून पायमशीन घरी आलं. त्या मशीनवर त्यांनी पुढं बावीस वर्षं शिवणकाम केलं. ह्यांचं डिप्लोमाचं शिक्षण, वन्संचं लग्न, स्वयंपाकघराचा पत्रा जाऊन आलेला स्लॅब, सगळं त्यातलं.

जे मशीन मी सहाशेला भंगारात घालायला निघाले होते, ते हे.

'कुणी विकायला लावलं का आई?' मी विचारलं.

'विक असं कुणी म्हणालं नाही. नको विकू असंही कुणी म्हणालं नाही.'

'पण तुम्ही एवढ्या वर्षांत बोलला नाहीत कधी!'

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. 'तू विचारलंस कधी? गटातल्या बायकांची माहिती लिहून घेतेस. कुणाच्या किती शेरडं, कुणाला किती कर्ज. घरात कुठं फॉर्म भरलास?'

त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

परत निघताना त्यांनी रिक्षा दर्ग्याकडून घ्यायला सांगितली. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. आयुष्याची बरीच वर्षं ते मिरजेत राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि त्यांना इथं आणलं. हिराबाई त्यांच्याच कन्या. उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, मोठमोठे गवई इथं हजेरी लावून जातात. सासूबाई रिक्षातून उतरल्या नाहीत. तंबोरा मांडीवर होता. बसल्या जागेवरून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, 'चला. दूधवाला येईल.'

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तंबोरा गेला तेव्हा ते दोन वर्षांचे. मग वन्संना फोन लावला. त्या तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, 'अगं बाई! कोपऱ्यात काहीतरी उंच उभं असायचं, लाल कपड्यात. मला वाटायचं बागुलबुवा! एक दिवस तो दिसेना, तर मी टाळ्या पिटल्या होत्या. आई रागानं बघत होती माझ्याकडं. आज कळलं का ते.' पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

दिवाळीत लेक आली. पाडव्याच्या संध्याकाळी फराळाचे डबे बाजूला सारून आजी-नात मागच्या खोलीत बसल्या. आजीच्या हातात तंबोरा, नात भूप गायली. सराव नसल्यामुळे दोन-तीन ठिकाणी अडखळली. आजी काही बोलली नाही, नुसती पुढची तार छेडत राहिली, की ती आपोआप जागेवर यायची. वीस मिनिटांनी आजीची बोटं दुखायला लागली. 'बघ, हा दमतो,' त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःला गाताना मात्र मी अजून ऐकलेलं नाही. मी विचारलं. 'आवाज गेला गं आता,' म्हणाल्या. प्रत्येक गोष्ट परत येतेच असं नाही.

लेकीलाही विचारलं, क्लासचं काय? 'परीक्षा झाल्यावर बघू,' म्हणाली. मी पुढं ओढलं नाही. पायमशीनला नवा पट्टा घातला, तेल घातलं. करकर थांबली.

गटाच्या पुढच्या बैठकीत माहिती लिहून झाल्यावर मी फॉर्मात नसलेला एक प्रश्न विचारला, 'तुमच्यापैकी कुणी घरासाठी स्वतःचं काय विकलंय?' आधी सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसल्या. मग एक बोलली, आईनं दिलेली मोत्याची नथ. एकीनं सायकल, जिच्यावरून ती शाळेला जायची. एकीनं मुलाच्या फीसाठी गाभण गाय. तिचं नाव घेताना अजून तिचे डोळे भरतात. बैठक अर्ध्या तासाची असते, त्या दिवशी दीड तास चालली. कर्जाचा हप्ता कुणाचाही चुकलेला नव्हता, पण ही नोंद आमच्या एकाही वहीत नव्हती. आता मी वहीच्या मागच्या पानावर ती लिहून ठेवायला लागले आहे. तुम्हीही तुमच्या घरात विचारून बघा. घाई करू नका, मेथी निवडताना विचारा. आणि विचारलंत तर उत्तर संपेपर्यंत उठू नका.

नव्या भिशीत माझा नंबर पुन्हा लागेल तेव्हा लागेल. पण या वेळी मी आधीच विचारून ठेवलंय.

'आई, आता वॉशिंग मशीन घेऊ का?'

'बघ बाई तुझं.'

'म्हणजे नक्की काय समजायचं मी?'

त्या हसल्या. 'म्हणजे घे. पण तंबोऱ्यापासून लांब ठेव. ओल लागते त्याला.'